जावई कसले, जहाजाच्या तळातला माल

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन दारांनी आला. शाळेच्या बॅचच्या गटातून, सोसायटीच्या गटातून आणि मामेभावाकडून. तिन्हीकडे शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. मजकुराचा गाभा असा: "इंग्रजांनी हाजींना सरकारी जावयासारखं वागवलं. १९३२चा कायदा करून हजला सबसिडी दिली. त्यांच्या दिमतीला थॉमस कुक कंपनी नेमली. त्यांना ना पासपोर्टची कटकट, ना कुठली बंदी. आपल्या वारकऱ्यांच्या वाट्याला मात्र यात्रा कर आणि प्लेगचे सोजीर!"

मामेभावाच्या गटात एका गृहस्थांनी त्याला तितक्याच आवेशाने उत्तर दिलं होतं: "खलिफाच्या राज्यात मक्केत कुणी मुसलमान परका नव्हता. पासपोर्ट, क्वारंटीन, तपासण्या ही सगळी गोऱ्यांची देणगी."

दोघंही आपापल्या जागी खूश दिसले. मला दोघांशीही भांडायचं आहे, आणि त्यासाठी मुंबई बंदरावर जावं लागेल. सुरतेचं महत्त्व ओसरल्यावर, विशेषतः आगबोटी सुरू झाल्यावर, हिंदुस्थानातून हजला जाण्याचा सगळ्यांत मोठा दरवाजा म्हणजे मुंबई. या दरवाजात फक्त कोकणातले, दख्खनचे किंवा बंगालचे हाजी उभे नसत. बुखाऱ्याचे, काबूलचे, पार चिनी तुर्कस्तानातल्या यारकंदचे लोक डोंगर ओलांडून उतरत, रेल्वे गाठत आणि मुंबईच्या मुसाफिरखान्यांत पथारी टाकून बोटीची वाट बघत. बुखाऱ्याचा हाजी मुंबईत परका, रत्नागिरीचा हाजी मक्केच्या जेद्दा बंदरात परका. म्हणजे प्रत्येक जण कुठल्या तरी साम्राज्याच्या वहीत परकीय यात्रेकरूच होता, आणि ती वही कुणी कशी भरली, हाच सगळा वाद आहे.

आता एकेक विधान घेऊ.

"१९३२ साली इंग्रजांनी हज सबसिडी सुरू केली"

हे वाक्य इतक्या ठिकाणी छापून आलंय की ते खोटं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. १९३२चा कायदा आहे, हे खरं. त्याचं नाव पोर्ट हज कमिटीज ॲक्ट. मुंबई, कलकत्ता आणि कराची या तीन बंदरांत समित्या नेमायच्या आणि त्यांनी हाजींना माहिती द्यायची, कागदपत्रांत मदत करायची, बंदरावर उतरण्या-राहण्याची सोय बघायची, एवढाच त्याचा जीव. बोटीच्या भाड्यातला अमुक हिस्सा सरकार भरेल, असं त्यात कुठेही नाही. आदल्या वर्षांत हाजींच्या तक्रारींचा इतका ढीग साचला होता की १९२९ मध्ये क्लेटन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. हा कायदा त्या तक्रारींतून निघाला. जावयाचा मानपान ठेवायला चौकशी समिती कोण नेमतं?

भाडं सरकार ठरवत नव्हतं, बाजार ठरवत होता. याचा एक झकास पुरावा आपल्याच माणसाने दिलाय. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची सिंदिया कंपनी १९३७ मध्ये हजच्या वाहतुकीत उतरली. समोर होती टर्नर मॉरिसन या इंग्रज पेढीच्या ताब्यातली, पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेलेली कंपनी. मग दोघांत भाडं पाडण्याची अशी काही लढाई जुंपली की हाजींना काही काळ तरी बरे दिवस आले. स्वस्त प्रवास त्यांना मिळाला तो दोन कंपन्यांच्या हाणामारीतून.

ज्या सबसिडीवर आज भांडण होतं ती स्वतंत्र भारतातली आहे. १९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले, बोटींची जागा विमानं घेऊ लागली, तेव्हा भाड्यातला फरक सरकारने उचलायला सुरुवात केली. १९९४ साली ती १०.५१ कोटी रुपये होती, २०११ साली ६८५ कोटी झाली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितली, आणि २०१८ मध्ये ती मुदतीआधीच बंद झाली. ती योग्य होती की अयोग्य, यावर खुशाल भांडा. मलाही ती पटत नव्हती. पण तिचा जन्मदाखला व्हाइसरॉयच्या कचेरीत शोधू नका.

"थॉमस कुक कंपनी त्यांच्या दिमतीला नेमली"

या वाक्यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच ते खपतं. हिंदुस्थान सरकारने १८८६ मध्ये थॉमस कुक अँड सन या इंग्रज प्रवास कंपनीला हजच्या प्रवासाचे एजंट नेमलं. पण का नेमलं, ते मजकुरात नाही.

जुलै १८८०. 'जेद्दा' नावाची आगबोट सिंगापूरहून निघाली, पेनांगला आणखी माणसं चढली आणि नऊशेहून अधिक हाजी घेऊन ती अरबस्तानाकडे निघाली. वादळात बॉयलर हलले, तळात पाणी भरायला लागलं. आफ्रिकेच्या ग्वार्दाफुई टोकाजवळ कप्तान क्लार्क, त्याची बायको आणि गोरे अधिकारी रात्री एका होडीत उतरले आणि जहाज, प्रवाशांसकट, समुद्राच्या हवाली करून निघून गेले. दुसऱ्या एका बोटीने त्यांना उचलून एडनला आणलं. तिथे त्यांनी सांगितलं की जहाज बुडालं, माणसं गेली. एडनमध्ये हळहळ सुरू होते न होते तोच दुसऱ्याच दिवशी 'अँटेनॉर' नावाची बोट 'जेद्दा'ला ओढत बंदरात घेऊन आली. हाजी जिवंत होते. कप्तान पळाल्यावर त्यांनी हातांनी पाणी उपसत जहाज तरंगतं ठेवलं होतं. कप्तान क्लार्कला शिक्षा काय झाली? त्याचं सर्टिफिकेट तीन वर्षांसाठी स्थगित झालं. नऊशे माणसं मरायला सोडल्याबद्दल तीन वर्षं.

(बोटीचा मालक कोण होता, हे दुसऱ्या गटातल्या गृहस्थांनी वाचावं. सिंगापूरचं अल्सगॉफ हे अरब व्यापारी घराणं. मुसलमान मालक, गोरा कप्तान, आणि तळात कोंबलेले गरीब हाजी. धर्माची भिंत इथे कुणाच्या आड आलेली दिसत नाही.)

अशा प्रकरणांनी, आणि बंदरावरच्या दलालांच्या लुटीच्या तक्रारींनी, सरकारची अब्रू जात होती. नेटिव पॅसेंजर शिप्स ॲक्टसारखे कायदे कागदावर होते, पण बोटीत किती माणसं कोंबायची, हे बंदर सुटल्यावर बघणार कोण? मुंबईत यात्रेकरूंसाठी 'प्रोटेक्टर' म्हणजे रक्षक नेमला गेला, १८८७ मध्ये त्यासाठी खास मुंबई इलाख्याचा कायदा झाला, दलालांना परवाने घ्यायला लावले. हे सगळं चालायचं कुणाच्या देखरेखीखाली, तर पोलीस कमिशनरच्या. जावयाच्या स्वागताला पोलीस कमिशनर उभा करणारी सासुरवाडी मी तरी पाहिलेली नाही.

कुकसाहेबांची नेमणूक हा याच डागडुजीचा भाग. नाव मोठं, कारभार स्वच्छ, म्हणजे टीका थांबेल. सरकारला या व्यवहाराची थोडीफार झळ बसली, हेही खरं. पण कुकचं तिकीट आणि मुंबईच्या दलालांचं तिकीट यांत गरीब माणूस कुठलं घेणार, हे उघड होतं. बहुसंख्य हाजी दलालांच्याच बोटींनी गेले. १८९३ मध्ये कुक कंपनीने या धंद्यातून अंग काढून घेतलं. सात वर्षांचा हा फसलेला प्रयोग म्हणजे 'दिमत' असेल, तर दिमतीची व्याख्याच बदलायला हवी.

"ना पासपोर्टची कटकट, ना बंदी"

पहिला अर्धा भाग पुन्हा बऱ्यापैकी खरा. शेजारच्या साम्राज्यांशी तुलना केली तर इंग्रजांचा हात सैल होता. डच सरकारने जावातल्या हाजींवर १८२५ मध्ये ११० गिल्डरचा पासपोर्ट कर लावला होता. तो पुढे उठला, पण १८५९च्या नियमाने जाण्याआधी ऐपत सिद्ध करावी लागे आणि परत आल्यावर परीक्षा द्यावी लागे. पास झालात तर नावामागे 'हाजी' लावायचं. रशियन झारच्या मध्य आशियातल्या प्रजेची आणखी वेगळी तऱ्हा. १९०८ मध्ये ओडेसा बंदरात ताश्कंदच्या सैदाजिमबायेव नावाच्या व्यापाऱ्याला हजच्या कारभाराचा प्रमुख नेमलं. त्याने यात्रेकरूंना आपल्याच इमारतीत उतरायला भाग पाडलं, आणि तक्रारींचा असा गदारोळ उठला की ती व्यवस्था गुंडाळावी लागली. फ्रेंच तर अल्जीरियातून हज मधूनमधून बंदच करत.

मग इंग्रज सैल का? प्रेमामुळे नव्हे. १८५७ची धग अजून होती. १ नोव्हेंबर १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन होतं, आणि हजला हात लावला तर ते वचन मोडल्याचा बोभाटा होईल, ही धास्ती होती. दुसरं कारण पैशाचं. परतीच्या तिकिटाची सक्ती केली तर यंत्रणा उभी करावी लागणार. काहीच केलं नाही तर काहीच खर्च नाही.

या सैलपणाची किंमत कुणी मोजली? एकमार्गी तिकीट काढून, उरलेले पैसे कंबरेला बांधून निघालेल्या माणसाने. जेद्द्यात पैसे संपलेले हिंदुस्थानी हाजी भीक मागत पडलेले असायचे. परतीच्या बोटीत जागा नाही, खायला नाही. तिथल्या इंग्रज वकिलातीचे, म्हणजे कॉन्सलच्या कचेरीचे, अहवाल या लोकांच्या वर्णनांनी भरलेले आहेत. कधी सरकारने, कधी धनिक मुसलमानांनी त्यांना परत आणण्याचा खर्च केला, पण तो अपवाद म्हणून. परतीचं तिकीट किंवा अनामत रक्कम बंधनकारक व्हायला १९२०चं दशक उजाडावं लागलं.

आता बंदी. इथे मजकूर लिहिणाऱ्याने फारच मोठी घोडचूक केली आहे, कारण त्याने स्वतःच प्लेगचं नाव काढलंय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात घराघरांत घुसलेले सोजीर, बायकांच्या तपासण्या, रँड, २२ जूनची रात्र हे आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच कायद्याच्या वर्षी, त्याच सरकारने, मुंबईतून हजला जाणंही बंद केलं. व्हेनिसमध्ये युरोपातल्या राष्ट्रांची आरोग्य परिषद भरली होती. युरोपला भीती होती की प्लेग हाजींच्या सामानातून सुएझ ओलांडेल, आणि मुंबईच्या व्यापारावरच बहिष्कार पडण्याची वेळ आली होती. व्यापार वाचवायला हज थांबवली गेली. तेव्हा धर्मात ढवळाढवळ न करण्याचं राणीचं वचन कुठे गेलं, ते विचारायची सोय नव्हती. जे आधीच मुंबईत येऊन पडले होते, त्यांत बुखाऱ्या-काबूलकडचेही, त्यांना प्लेगच्या शहरात अडकून पडावं लागलं. पुढे हज खुली झाली तेव्हाही बोटीवर चढण्याआधी डॉक्टरी तपासणी, कपडे-अंथरूण वाफेच्या यंत्रात. पुण्यातल्या बायकांच्या तपासणीवरून जो संताप होता, तोच मुंबईच्या धक्क्यावर बुरख्यातल्या बायकांच्या तपासणीवरूनही होता.

पंढरपूरला यात्रेकरूंकडून कर घेतला जाई, साथीच्या काळात यात्रांवर बंधनं येत, हे मजकुरातलं खरं आहे. पण त्याचा दुसरा अर्धा भाग सांगायला हवा. १८६५ मध्ये मक्केत कॉलरा पसरला, सुमारे पंधरा हजार हाजी दगावले, आणि ती साथ आगबोटींनी इजिप्तला, तिथून युरोपला पोचली. पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली. तिथल्या डॉक्टरांनी साखळी मांडली ती अशी: उगम गंगेच्या मुखाशी, फैलाव हरद्वार-पुरीच्या यात्रांतून, आणि तिथून पुढे मक्केमार्गे युरोपला. वारीतला माणूस आणि हजचा माणूस हे या कागदावर एकाच रोगाचे दोन वाहक होते. टाळ आणि तसबीहची माळ यांत फरक करण्याइतका वेळ त्या डॉक्टरांना नव्हता.

आता दुसऱ्या बाजूचे गृहस्थ. "खलिफाच्या राज्यात कुणी परका नव्हता."

हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. म्हणून थोडं मागे जाऊ, इंग्रज अजून चित्रातही नाहीत इतकं मागे. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून हजला निघाली. निघण्याआधी तिला पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी ताटकळावं लागलं, कारण समुद्र त्यांच्या ताब्यात आणि त्यांच्या कार्ताझशिवाय, म्हणजे त्या परवान्याशिवाय, जहाज हाकणं म्हणजे लूट ओढवून घेणं. त्या परवान्यांवर येशू आणि मेरीची चित्रं असत. अकबराच्या दरबारातल्या एका बड्या मौलवीने तर असा अपमानाचा कागद घेऊन जाण्यापेक्षा हज न केलेली बरी, असा फतवा काढला होता. ते गोऱ्यांचं झालं. पण गुलबदन आणि तिच्याबरोबरच्या बेगमा मक्केत पोचल्या, तीनेक वर्षं राहिल्या, मोकळ्या हाताने दानधर्म केला. आणि १५८०च्या सुमारास मक्केवर सत्ता असलेला ऑटोमन (तुर्की) सुलतान तिसरा मुराद याचे हुकूम सुटले: या हिंदुस्थानच्या लोकांमुळे शहरात गर्दी आणि टंचाई होते, त्यांची वर्तणूक ठीक नाही, हज झाली की त्यांना परत पाठवा. अकबराच्या घरच्या बायकांची ही गत. यारकंदच्या मोच्याची काय असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

एकोणिसाव्या शतकात हे आणखी पक्कं झालं. १८८२ मध्ये ऑटोमन सरकारने हिंदुस्थानी, जावाचे, रशियाचे, अल्जीरियाचे मुसलमान यांना हेजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रांतात, जमीन विकत घ्यायला मनाई केली. कारण समजण्यासारखं आहे. या माणसांच्या मागे इंग्रजांची, डचांची, रशियाची वकिलात उभी होती. आज एक घर घेतलं तर उद्या त्या घराच्या वादात लंडन नाक खुपसणार. सुलतान अब्दुल हमीद स्वतःला जगभरच्या मुसलमानांचा खलिफा म्हणवत होता, आणि त्याचेच अधिकारी त्या मुसलमानांकडे परकीय सत्तेची प्रजा म्हणून पाहत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

आणि क्वारंटीन? तांबड्या समुद्रात येमेनच्या किनाऱ्यापाशी कामरान नावाचं बेट आहे. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दक्षिणेकडून, म्हणजे हिंदुस्थानातून आणि जावातून, येणाऱ्या प्रत्येक हाजीला तिथे उतरून दिवस काढावे लागत. तळपत्या वाळूत झोपड्या, खारट पाणी, महाग अन्न, आणि वर शुल्क हाजीच्याच खिशातून. हे ठाणं ऑटोमन सरकारचं होतं. युरोपचा दबाव त्यामागे होता, हे मान्य. पण या प्रकरणात सगळ्यांत जास्त कुरकुर कुणी केली, तर इंग्रजांनी, कारण हाजींच्या बोटी अडवल्या की मालाच्या बोटीही अडतील, ही त्यांना भीती. कॉलरा माणसाकडून पसरतोच असं नाही, हे हिंदुस्थान सरकारचे आरोग्य अधिकारी वर्षानुवर्षं ठासून सांगत राहिले. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉखने इजिप्तमध्ये आणि मग थेट कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवला, तरी ते लगेच नमले नाहीत. पुढे १९१५ मध्ये महायुद्धात इंग्रजांनी कामरान जिंकलं, आणि ज्या ठाण्याला तीस वर्षं नावं ठेवली तेच पुढे कित्येक वर्षं स्वतः चालवलं.

जेद्द्यात उतरल्यावरचा मामला तर निव्वळ पैशाचा. कुठल्या मुलखाचा हाजी कुठल्या मुअल्लिमच्या, म्हणजे तिथल्या वाटाड्याच्या, वाट्याला, हे आधीच ठरलेलं, आणि त्या वाटपासाठी मुअल्लिमने वर पैसे मोजलेले. मग तो ते हाजीकडून वसूल करणारच. मक्केपर्यंतच्या उंटाच्या भाड्यात शरीफचा, म्हणजे मक्केच्या स्थानिक अमिराचा, वाटा, तुर्की अधिकाऱ्यांचा वाटा. शरीफ अवन अल-रफीकच्या कारकिर्दीतल्या, १८८२ ते १९०५ मधल्या, तक्रारी वाचल्या तर आपल्या बडव्यांची आठवण येते, फक्त इथे हातात बंदूक असलेले बदाऊनी (वाळवंटातले भटके) टोळीवालेही वाटेत उभे.

हेजाझ रेल्वेची गोष्ट मला यात सगळ्यांत चटका लावणारी वाटते. १९०० मध्ये काम सुरू झालं. खलिफाची रेल्वे म्हणून हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी वर्गण्या गोळा केल्या, लाहोरच्या उर्दू वर्तमानपत्रांनी मोहिमा चालवल्या. १९०८ मध्ये गाडी दमास्कसहून मदिनेला पोचली. हिंदुस्थानचा हाजी मात्र समुद्रावरून जेद्द्यालाच उतरणार, आणि जेद्दा-मक्का-मदिना हा फाटा कधी झालाच नाही. पैसे दिले त्यांनी, आणि ते चालले पुन्हा उंटावरून.

डॉ. अब्दुर रझ्झाक यांचं नाव मात्र दोन्ही गटांना ऐकवायला हवं. हिंदुस्थानी मुसलमान, बंगालच्या वैद्यकीय खात्यातले. १८७८ मध्ये सरकारने त्यांना हजबरोबर पाठवलं, रोगराईवर अहवाल द्यायला. राजकीय हालचालींची खबर मिळाली तर तीही हवीच होती, कारण १८५७ नंतर मक्केत जाऊन राहिलेल्या मौलवींमुळे इंग्रजांना झोप नव्हती. १८८२ पासून ते जेद्द्यात इंग्रजांचे उपवकील, म्हणजे व्हाइस कॉन्सल. हाजींच्या तक्रारी ऐकणं, कामरानच्या हालांबद्दल लिहिणं, कंगालांना परत पाठवण्यासाठी खटपट करणं, यात बारा-तेरा वर्षं गेली. इंग्रजांच्या लेखी ते कामाचा नेटिव, तुर्कांच्या लेखी इंग्रजांचा हेर. मे १८९५ मध्ये निर्जंतुकीकरणाची यंत्रं आणि आरोग्याचे नवे नियम यांवरून चिडलेल्या बदाऊनी लोकांनी जेद्दा शहराबाहेर फिरायला गेलेल्या परदेशी वकिलांवर गोळ्या झाडल्या. इंग्रज वकील जखमी होऊन वाचला. अब्दुर रझ्झाक तिथेच गेले.